कंपाउंडरचा आवाज

माझ्या नवऱ्याला दुपारचा फोन खपत नाही. भल्या सकाळी ऑपरेशनं, मग ओपीडी, मग जेवण, आणि जेवण झालं की तासभर आडवं व्हायचं, हा त्याचा नेम. त्या तासात जग बुडालं तरी चालेल, पण याला उठवायचं नाही. आता आमचं हॉस्पिटल खाली आणि बिऱ्हाड वर, त्यामुळे खालचा फोन वरही वाजतो. दुपारी काउंटरवरची मुलगी जेवायला घरी जाते, कंपाउंडर ड्रेसिंगच्या खोलीत नाहीतर वॉर्डात असतो, आणि फोन आपला वाजत बसतो. मग नवरा डोळे मिटूनच हात लांब करतो, रिसीव्हर उचलतो आणि बोलतो. स्वतःच्या आवाजात नाही, कंपाउंडरच्या आवाजात.

आधी एक बारीक खाकरा. मग जरा नाकातून, शब्द लांबवत, ‘सर ऑपरेशनमध्ये आहेत बरं का ताई. घाबरायचं काही नाही बरं का.’ मुलं लहान होती तेव्हा या आवाजावर गडाबडा लोळायची. पाहुणे आले की फर्माईश व्हायची आणि साहेब आढेवेढे घेत, भाव खात करून दाखवायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. माणूस थकतो, तासभर पाठ टेकली तर काय बिघडलं, आणि खरंच काही गंभीर असेल तर उठेलच की, असं मी धरून चालले होते. नवरा आहे, धरूनच चालतो आपण.

मी भूल देते. पेशंटला झोपवायचं आणि सुखरूप उठवायचं, हे माझं काम. कापाकापी नवऱ्याची. आणि त्यानंतरचं काम, म्हणजे नातेवाइकांशी बोलणं, तेही पहिल्यापासून माझ्याच गळ्यात. ‘तू बोल, तुला छान समजावता येतं,’ असं म्हणून हा मागच्या जिन्यानं वर सटकतो. मला जमतं, हे खरं आहे. मी लपवाछपवी करत नाही, अवघड शब्द फेकत नाही, आणि कुणी रडायला लागलं की घड्याळाकडे बघत नाही. लोकांना खरं ऐकायचं असतं. आपल्यालाच ते सांगायचं धाडस नसतं.

तर आमच्याकडे एक टेलरबाई आहे. आमच्या थिएटरच्या हिरव्या चादरी, झगे, टोप्या सगळं तीच शिवते. चाळिशीची, एकटी राहणारी, कामाला वाघ, आणि अंगाला सुई टोचली तरी हूं की चूं न करणारी. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते ते हिनं कितीतरी दिवस अंगावर काढले. शेवटी दुखणं असह्य झालं तेव्हा भावानं आणि वहिनीनं जवळजवळ ओढूनच आणलं तिला. दुर्बिणीतून पिशवी काढायची ठरली.

मी पेशंटच्या डोक्याशी बसते, पण पडदा मलाही दिसतो. आत सगळं एकमेकांना असं चिकटलेलं होतं की पिशवी कुठे संपते आणि पित्ताची मुख्य नळी कुठे सुरू होते तेच कळेना. नवऱ्यानं अजिबात घाई केली नाही. मदतनिसाला थांबवलं, पुन्हा धुतलं, पुन्हा पाहिलं, मला म्हणाला, ‘जरा वेळ लागेल, चालेल ना?’ मी म्हटलं, ‘खुशाल घे.’ हाताचं म्हणाल तर त्याचा हात सोन्याचा आहे. हे मी आजही म्हणते, आणि म्हणताना तोंड कडू होतं.

बाई नीट शुद्धीवर आली. खांद्यात दुखतंय म्हणाली. ते साधारण सगळ्यांनाच दुखतं, कारण दुर्बीण घालायची तर पोट वायूनं फुगवावं लागतं आणि तो वायू जिरेपर्यंत खांदा धरतो. घरी सोडायच्या दिवशी मी स्वतः पोटाला हात लावून पाहिला. मऊ होतं. नवऱ्यानंही पाहिलं. चालत गेली बाई, जाताना माझ्या झग्याची उसवलेली बाही बघून म्हणाली, ‘ही कुणी घातली टीप? माझी नाही.’ आम्ही दोघी हसलो.

पुढच्या आठवड्यात भावानं तिला गाडीत आडवी घालून आणलं तेव्हा ती पिवळीजर्द होती. अंगात ताप, ओठ कोरडे, पोट फळीसारखं टणक. मी एक क्षण वाया घालवला नाही. रुग्णवाहिकेत तिच्याशेजारी बसून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे कळलं की मुख्य नळीला इजा झालीय आणि तिच्यातून पित्त पोटात झिरपत साचलंय. त्यांनी पोट धुतलं, नळ्या घातल्या, जीव वाचवला. आता आणखी एक मोठं ऑपरेशन, महिनोन्महिने अशक्तपणा, आणि शिलाई मशीनवर बसायचं तर कधी, ते कुणी सांगत नाही. तिथला सर्जन भावाला सहज बोलून गेला, ‘दोन दिवस आधी आणलं असतं तर इतकं विकोपाला नसतं गेलं.’

झालं. भाऊ आणि वहिनी दोघं आमच्या दारात.

भावाचं चष्म्याचं दुकान आहे. शांत माणूस, पण त्या दिवशी त्याची मान लाल झाली होती. ‘तुम्ही भलतीच नळी कापलीत,’ तो म्हणाला, ‘मला सरांशी बोलायचंय, तुमच्याशी नाही.’ मग नवऱ्याला खाली यावं लागलं. तपासणीच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं आहे. तू बोल.

मी बोलले. आणि जे बोलले ते मनापासून बोलले, अक्षरन् अक्षर खरं.

‘हे बघा दादा,’ मी म्हटलं, ‘चिडू नका असं मी म्हणणार नाही. चिडायलाच हवं. फक्त कशावर चिडायचं ते आधी ठरवू. तुमच्या बहिणीची नळी दुखावली. ही गोष्ट जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातून होते. रोज नाही होत, पण होते. पिशवी सुजलेली असली, सगळं चिकटलेलं असलं, की जास्त होते. ऑपरेशनच्या आधी मी तुम्हाला हे सांगितलं होतं, आठवतंय?’

‘सांगितलं होतंत,’ तो म्हणाला. ‘ते सगळेच सांगतात. सही घ्यायची असते म्हणून.’

‘सहीचं सोडा. सही घेतली म्हणून डॉक्टर सुटत नाही. चूक कशाला म्हणायचं ते सांगते. काळजी घेऊनही जे होऊ शकतं ते झालं, तर त्याला म्हणायचं कॉम्प्लिकेशन. काळजीच घेतली नाही आणि म्हणून झालं, तर तो हलगर्जीपणा. मी तिथे बसले होते. काळजी घेतली गेली. पण एवढ्यावर संपत नाही. झाल्यावर काय केलं, हेही बघायचं. पेशंटनं दुखतंय म्हटल्यावर कुणी ऐकलं का, हात लावून पाहिलं का, वेळेत पुढे पाठवलं का. तिथे जर कुणी हयगय केली असेल, तर मग ऑपरेशन कितीही चांगलं झालेलं असो, तो हलगर्जीपणाच. माझा नवरा असला तरी.’

भावाच्या मानेचा लाल रंग जरा उतरला. असं कुणी सरळ बोललं की माणूस निवतो. तो म्हणाला, ‘मग मॅडम, आम्ही फोन केला होता त्याचं काय?’

मी विचारलं, ‘कधी?’

वहिनी इतका वेळ गप्प होती. लहानखुरी बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. ती म्हणाली, ‘मी केला. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी, दुपारी. त्यांना उलटी झाली होती, खांदा दुखत होता आणि पोट फुगलं होतं. कंपाउंडरनं घेतला फोन. म्हणाला सरांना विचारून सांगतो. मग लगेच म्हणाला, सर म्हणाले गॅस आहे, जरा चालतं करा. मी आणखी सांगायला गेले तर म्हणाला, किती बाऊ करता. मग दुसऱ्या दिवशी परत केला. तेव्हाही तेच. मग मला लाज वाटली पुन्हा करायची. आता हे म्हणतात की मीच उशीर केला.’

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वहिनीकडे बघत होता, भुवया उंचावून, अगदी धक्का बसल्यासारखा. ‘माझ्यापर्यंत असा निरोप आलेलाच नाही,’ तो म्हणाला. ‘आमच्या कंपाउंडरला, भाऊंना बोलवा. समोरासमोर होऊन जाऊ दे.’

इतक्या निर्धास्तपणे बोलावतोय म्हणजे याचं काही नसणार, असं मला वाटलं. बरं वाटलं, हेही सांगते. दुपारी कधीकधी कंपाउंडर काउंटरवर असतो, फोन घेतो. घेतला असेल, विसरला असेल. मी मनातल्या मनात त्या गरीब माणसावर चिडलेसुद्धा.

आमच्या कंपाउंडरला सगळे भाऊ म्हणतात. हॉस्पिटलची पाटी लागली त्या दिवसापासून ते आमच्याकडे आहेत. आले, दाराशी उभे राहिले, तोंडावर हात धरला.

‘भाऊ,’ नवरा मऊपणानं म्हणाला, ‘या बाईंचा फोन आला होता. तुम्ही घेतला होता. सांगून टाका. मी आहे.’

‘आला असेल सर,’ भाऊ म्हणाले. ‘मला आठवत नाही. पण सर म्हणतात म्हणजे आला असेल. माझ्या लक्षात राहिला नसेल. चुकलं माझं, ताई.’ आणि त्यांनी हात जोडले.

चष्मेवाला ताडकन उठला. ‘तुमच्या लक्षात राहिला नाही? माझी बहीण तिकडे नळ्या लावून पडलीय. मी उद्या पोलिसात तक्रार देणार आहे, याच माणसाच्या नावानं. डॉक्टर नसून डॉक्टरकी करतो हा.’

‘तुमचा राग समजतो,’ नवरा म्हणाला. ‘मी अडवणार नाही. माझ्या माणसाची चूक ती शेवटी माझीच चूक.’ काय ते औदार्य. वर मान जराशी खाली.

आणि तेवढ्यात वहिनी म्हणाली, ‘पण आवाज वेगळा होता.’

चष्मेवाल्यानं तिला गप्प केलं. ती गप्प झाली, पण भाऊंकडे बघत राहिली. ‘हे बोलतात तेव्हा शीळ येते. फोनवरचा खाकरून बोलायचा. नाकातून. बरं का ताई, बरं का ताई, असं.’

‘फोनवर आवाज बदलतो,’ नवरा म्हणाला.

मी भाऊंकडे पाहिलं. तोंडावर हात, अजूनही. दोन-तीन वर्षं झाली असतील त्यांना कवळी बसवून. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातून शीळ येते, ‘स’ म्हणायला गेले की जास्तच, आणि त्याची लाज वाटते म्हणून ते तोंड झाकून, मोजकं बोलतात. सिगारेट तर त्याच्याही आधी सुटली, खाकरा तिच्याबरोबर गेला. ‘बरं का ताई’ ऐकून मला कित्येक वर्षं झाली होती. तो आवाज आता भाऊंजवळ उरलाच नव्हता. तो जगात एकाच माणसाच्या तोंडात शिल्लक होता, आणि तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. रोज ज्या माणसाच्या हातून हातमोजे घालून घेतो, त्याचे दात गेले, आवाज बदलला, हे याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

शी. मला दुसरा शब्द सुचत नाही.

ती दोघं गेल्यावर भाऊ वॉर्डात गेले आणि मी वर गेले. नवरा जेवणाच्या टेबलाशी सफरचंद सोलत होता. साल तुटू न देता एका पट्टीत काढायची, ही त्याची हौस. ‘बरं झालं लवकर आटपलं,’ तो म्हणाला. ‘तू फार छान बोललीस हं आज.’

‘फोन तू घेतला होतास.’

त्यानं नाही म्हटलं नाही. रागावला नाही, दचकला नाही. एक फोड कापून तोंडात टाकली आणि म्हणाला, ‘हळू बोल, खिडकी उघडी आहे.’

मी आयुष्यभर पू पाहिलाय, सडलेली आतडी पाहिलीत, नाकाला रुमाल न लावता त्या वासात तासन्‌तास उभी राहिलेय. कधी मळमळलं नाही. त्या सफरचंदाच्या फोडीचा कुरकुर आवाज ऐकून मला उमळून आलं. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

‘बस आणि नीट ऐक,’ तो म्हणाला. ‘नळीला इजा झाली, हे कॉम्प्लिकेशन. हे तूच आत्ता सांगितलंस. बरोबर? मग पुढचं सगळं त्याचंच शेपूट. मी तिला त्या दुपारी बोलावलं असतं तरी नळी काही आपोआप जुळणार नव्हती.’

‘नळी नसती जुळली. पण पित्त इतकं साचलं नसतं. ताप चढला नसता. मरणाच्या दारात जाऊन आली नसती ती.’

‘जर-तरच्या गोष्टी आहेत या. अगं, शंभरातल्या नव्व्याण्णवांना गॅसच असतो. खांदा दुखतोय म्हणाली, मी म्हटलं गॅस. झोपेत होतो मी.’

‘डोळ्यांवर झोप आहे आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या. हात लावून न पाहता. आणि दुसऱ्या दिवशी परत फोन आला तेव्हा? तेव्हाही झोपेत? ती बाई शिवताना बोटातून सुई गेली तरी ओरडत नाही, आणि तू तिच्या वहिनीला म्हणालास, किती बाऊ करता.’

‘चुकलं,’ तो म्हणाला. ‘झालं समाधान?’

‘चुकलं असं तू स्वतःच्या तोंडानं म्हणाला असतास ना खाली, तर मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते. डॉक्टर चुकतो. मीही चुकलेय. पण तू चूकसुद्धा स्वतःच्या आवाजात केली नाहीस. आणि निस्तरायची वेळ आली तर त्याच माणसाच्या डोक्यावर खापर फोडलंस ज्याचा आवाज चोरलास.’

तो सुरी पुसत होता. फार नीट पुसतो तो, आधी एक बाजू, मग दुसरी. ‘भाऊला मी वाऱ्यावर सोडणार नाही. चांगला वकील देईन. काय होणारे त्याला? थोडा त्रास होईल, माफी मागेल, सुटेल. विचार कर जरा. त्याचं नाव गेलं तर गेलं, त्याला कोण ओळखतं? माझं नाव गेलं तर हे हॉस्पिटल गेलं, तू गेलीस, मुलांचं सगळं गेलं. आणि त्यानं कबूल केलंय. त्याला स्वतःलाच वाटतंय की त्यानं घेतला.’

‘वाटतंय,’ मी म्हटलं.

‘हो. मग तुला काय अडचण आहे?’

आजवर इतक्या लोकांना मी समजावलं. आईला, बापाला, विधवा झालेल्या पोरींना. मला कधी शब्द कमी पडले नाहीत. या माणसाला काय समजावणार होते मी? याला सगळं समजत होतं. कॉम्प्लिकेशन कशाला म्हणतात आणि हलगर्जीपणा कशाला, हे याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यानं दोन्ही नीट वेगळे काढले होते. बरा होता तो भाग स्वतःला ठेवला होता आणि घाण होती ती भाऊंच्या ताटात वाढली होती. वर माझ्या तोंडून त्याला शहाणपणाचं सर्टिफिकेट घेतलं होतं, फुकटात.

मी पर्स उचलली. तो म्हणाला, ‘कुठे चाललीस? हे बघ, बाहेर एक शब्द बोललीस तर आपण संपलो.’

‘संपलोच आहोत,’ मी म्हटलं. ‘तू सफरचंद खा.’

मोठ्या हॉस्पिटलात टेलरबाई झोपली होती. अंगावर पांढरी चादर, खालून लोंबणारी पिशवी, तिच्यात हिरवट पाणी. चेहरा एवढासा झाला होता. तिचा चष्मेवाला भाऊ आणि वहिनी बाहेर बाकावर बसली होती, दोघांत एका माणसाची जागा सोडून. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर शब्द गोल गोल फिरवले असते.

‘तुमचा फोन आमच्या कंपाउंडरनं घेतला नव्हता. माझ्या नवऱ्यानं घेतला होता, कंपाउंडरचा आवाज काढून. दोन्ही वेळा. तक्रार द्यायची तर त्याच्या नावानं द्या. मी जबाब देईन.’

चष्मेवाल्यानं बहिणीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘म्हणजे ऑपरेशनपण बिघडवलंच असणार त्यानं.’

‘नाही. ते नाही. ऑपरेशन त्यानं नीट केलं होतं. ते अजूनही सांगते.’

‘आता कसं खरं मानू, मॅडम? सकाळी तुम्ही इतकं सुंदर बोललात. मी तर रस्त्यानं येताना हिला म्हणत होतो, माणसं चांगली आहेत, तो नोकर नालायक. आता तुम्ही म्हणता हे खरं आणि ते खोटं. उद्या आणखी काही म्हणाल.’

मी खरं बोलत होते, पण माझ्या खऱ्याला आता त्या घरचा वास लागला होता. त्याला तो आला, त्याचं काय चुकलं?

वहिनीनं पर्स उघडली, बंद केली. ती माझ्याशी बोललीच नाही. नवऱ्याला म्हणाली, ‘मी फोन केला होता.’ तो म्हणाला, ‘हो.’ ती म्हणाली, ‘आवाज वेगळा होता, असंही म्हणाले होते.’ तो पुन्हा हो म्हणाला, आणि मग दोघांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत बसला. मी तिथून निघाले.

त्या रात्री मी घरी गेले नाही, बहिणीकडे राहिले. सकाळी हॉस्पिटलात आले ती सरळ ड्रेसिंगच्या खोलीत. भाऊ बँडेजच्या गुंडाळ्या रचत होते. एक ठेवायची, तिच्यावर हात ठेवून थांबायचं, मग दुसरी. मला वाटलं तब्येत बरी नाही.

‘भाऊ, तो फोन तुम्ही घेतलाच नव्हता,’ मी म्हटलं. ‘सरांनी घेतला होता. तुमचा आवाज काढून. पूर्वी गंमत म्हणून करायचे तसा. मी त्या लोकांना सांगितलंय. तुमच्यावर तक्रार होणार नाही.’

मला वाटलं होतं सुटका झाल्यासारखा श्वास सोडतील. चिडतील. शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि स्टुलावर बसले.

‘म्हणजे मी विसरलो नव्हतो?’

‘नाही.’

‘नक्की ना मॅडम? कारण माझे वडील असेच सुरू झाले होते. आधी निरोप विसरायचे. मग शेवटी मलाच विसरले.’ त्यांच्या कवळीतून शीळ येत होती, पण झाकायचं त्यांना भान नव्हतं. ‘सरांनी सांगितल्यापासून मी इंजेक्शन भरायचं बंद केलंय. सिस्टरला देतो भरायला. म्हटलं, कुणाला भलतंच टोचलं तर. घरी मुलीला सांगून ठेवलं, माझ्याकडे लक्ष ठेव, गॅस चालू राहिलाय का बघत जा. ती रडली. काल तिनं डॉक्टरांची वेळ घेतली, डोक्याच्या.’

‘सरांनी तुम्हाला कधी सांगितलं?’ मी विचारलं. ‘काल, त्या लोकांसमोर?’

‘नाही नाही. टेलरबाईंना तुम्ही रुग्णवाहिकेतून घेऊन गेलात ना, त्याच दिवशी. तुम्ही तिकडे होतात.’

मी त्या बाईचा हात धरून, तिची नाडी मोजत, देवाचं नाव घेत चालले होते तेव्हा हा माणूस इथे, या खोलीत.

‘मी म्हटलं, सर, मला तर काहीच आठवत नाही,’ भाऊ म्हणाले. ‘तर जवळ बसले माझ्या. इथेच, या पलंगावर. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, होतं असं वयानं. मी आहे ना, मी सांभाळून घेईन.’